शिनोलीत दोन ते तीन

"सात वेळा दाबलं होतं आईनं ते बटण," हर्षाली म्हणाली. "सातही मेसेज मला एकदम आले. तीन चाळीसला. तोवर ती गेली होती."

इंद्रायणी वाबळेनं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. बारा वर्षं पोलिसात काढून तिनं वारूळवाडीत खासगी तपासाचं हे छोटं ऑफिस थाटलं होतं. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सावळेराम गुरुजींनी वही उघडली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते तिची गाडी चालवत आणि टिपणं घेत.

हर्षाली पुण्यात नोकरीला होती. आई जानकाबाई, वय चौऱ्याहत्तर, शिनोलीच्या घरात राहायच्या. माजघरात आणि मागच्या दारी कॅमेरे होते, बाहेरच्या खोलीत मोबाईलवरून लागणारा दिवा होता, आईच्या गळ्यात मदतीचं बटण होतं. सगळं वायफायवर. सांभाळायला दिवसभर रुपाली नावाची बाई.

"दोन महिन्यांपासून रोज दुपारी दोनला कॅमेरे बंद पडायचे, तीनला परत सुरू. फक्त रविवारी नाही. गेल्या मंगळवारी त्याच वेळात आई मोरीत घसरली. डोक्याला लागलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी जिवंत असेल." हर्षालीनं मोबाईल टेबलावर ठेवला. "कोण बंद करत होतं, तेवढं शोधा."

"मंगळवारी तीनऐवजी तीन चाळीसला सुरू झाले?"

"हो."

"आणि तो दिवा? तोही नेटवरून तुटायचा?"

हर्षालीनं मोबाईलमधली नोंद पाहिली. "नाही. दिवा एकदाही तुटलेला नाही."

"म्हणजे लाईट जात नव्हती," गुरुजी म्हणाले.

"आणि राऊटरही कुणी बंद करत नव्हतं," इंद्रायणी म्हणाली.

घोडेगावात मोहितचं दुकान होतं. ही सगळी जोडणी त्याचीच. तो वैतागून म्हणाला, "तीनदा जाऊन आलो, मॅडम. सकाळी अकराला जायचो, सगळं ओके. राऊटर टीव्हीच्या कोपऱ्यात आहे, कापडाआड. बसवतानाच आजींना सांगितलं होतं, याच्याजवळ पातेली-डबे ठेवू नका, रेंज मरते."

"बटणही त्याच वायफायवर चालतं, हे सांगितलं होतं?"

मोहित गडबडला. "ते... हर्षालीताईंना सांगितलं होतं."

शिनोलीत शेजारच्याच घरात जानकाबाईंचा पुतण्या गोरख राहत होता. त्याची विहिरीवरची मोटार लागली की कॅमेरे बंद पडतात, असा हर्षालीचा संशय होता.

"माझी मोटार?" गोरख म्हणाला. "आमची शेतीची थ्री फेज लाईट आठवड्याला पाळी बदलती, राव. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रोज दोनला कशी चालंल?"

"मंगळवारी तुम्ही कधी आलात?"

"साडेतीनला रुपालीनं हाक मारली. काकीला उचलून आत घेतलं. पाय गार पडले व्हते. म्हटलं शेकावं. बाहेरच्या खोलीत पातेलं दिसलं, त्यातच पाणी तापवाय ठेवलं. पण काय उपयोग न्हाई झाला."

रुपाली घरातच होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, डोळे सुजलेले.

"मी गच्चीत कपडे वाळत घालत व्हते," ती म्हणाली.

"दीड तास?"

तिनं खाली पाहिलं.

"रविवारी पण कामाला येता?"

"येते की. रविवारीच बरं असतं. नवरा घरी असतो, पोरीला वाटी-चमच्यानं पाजतो."

"केवढी आहे पोरगी?"

"सहा महिन्यांची."

इंद्रायणी बाहेरच्या खोलीत गेली. टीव्हीजवळचं कापड तिनं उचललं. राऊटरभोवती टेबलावरच्या धुळीत एक मोठं गोल वर्तुळ होतं. तिनं सगळ्यांना आत बोलावलं.

"राऊटर चालू होता, म्हणून त्याच्या शेजारचा दिवा कधी तुटला नाही," ती म्हणाली. "लांबचे कॅमेरे मात्र तुटायचे. रोज दोनला कुणीतरी राऊटरवर पातेलं पालथं घालायचं, तीनला उचलायचं. मंगळवारी गोरखभाऊंनी ते उचललं, तेव्हा कॅमेरे सुरू झाले आणि अडकलेले सातही मेसेज निघाले. गोरखभाऊंना ते ठाऊक असतं, तर आपल्याच हातानं उचललं असं सांगितलं नसतं."

"मग रुपालीनं!" गुरुजी म्हणाले.

"रुपालीला राऊटर बंद करायचा असता, तर बटण दाबून केला असता. पातेल्यानं रेंज मरते हे मोहितनं या घरात एकाच माणसाला सांगितलं होतं."

हर्षालीचा चेहरा पांढरा पडला. "आई?"

"रुपाली, तुम्ही दुपारी कुठं जात होता?"

रुपाली हुंदके देऊ लागली. "पोरीला पाजाय. ताई म्हणल्या व्हत्या, पोरगी आणायची न्हाई, घर सोडायचं न्हाई, कॅमेऱ्यात दिसलं तर काम गेलं. आजी पण तिथंच बसल्या व्हत्या. दोन दिवसांनी बघते तर दोनच्या टायमाला कॅमेऱ्याची बत्ती लाल, म्हंजी बंद. आजी झोपलेल्या. म्हटलं देवच पावला. मागच्या दारानं पळत जायची, तीनच्या आत यायची. मंगळवारी पोरीला ताप व्हता, म्हणून उशीर झाला."

"रविवारी तुम्हाला जायचं नसायचं. म्हणून रविवारी नेटही जायचं नाही," इंद्रायणी म्हणाली. "आजी झोपलेल्या नसायच्या. तुम्ही गेलात की तुमची वाट बघत पडून राहायच्या."

रुपाली तिच्याकडे बघतच राहिली. "म्हंजी आजींना ठावं व्हतं? रोज? आन् मी त्यांना फसवते म्हणून मान वर करून बोलत नव्हते."

"पण बटण?" हर्षालीनं विचारलं. "बटण चालणार नाही, हे तिला कळलं नाही?"

"ते वेगळं आहे असं त्यांना वाटलं असणार. मोहितनं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही त्यांना सांगितलं होतं?"

हर्षाली खाली बसली. गुरुजींनी वही केव्हाच मिटली होती.

"मला का नाही सांगितलं आईनं? एकदा सांगितलं असतं तर..." ती थांबली. पुढचं वाक्य तिचं तिलाच खरं वाटेना.

शेवटी तिनं डोळे पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून गेले होते.

"रुपाली, तू जा. बाळ भुकेलं असेल. आणि उद्यापासून तिला घेऊन..." सांभाळायला आई आता नाही, हे तिला आठवलं.

रुपाली दाराशी गेली, पण उंबरा ओलांडला नाही.

"आता घाई न्हाई, ताई," ती हळूच म्हणाली. "मंगळवारपासनं मला दूधच येत न्हाई. बाटलीनं पिती ती."