'भर उन्हात'ची दुसरी बाजू

बसा, कूलरसमोर बसा. आजच नवी खस भरली आहे. तुम्ही कॅसेट ऐकायले आले हे मले माहीत आहे, आजकाल सगळे त्याच्यासाठीच येतात. लावतो ना. पण पहिले माझं ऐकून घ्या, मग कॅसेट ऐकायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमच्या बँडचं नाव लाल डब्बा. एसटीनं हिंडतो म्हणून. चार पोट्टे; गिटार आणि गाणं माझ्याकडे, ड्रमवर चंद्रभान. सिनेमातलं एकही गाणं वाजवायचं नाही, सगळं स्वतःचं, हा आमचा हट्ट. त्यामुळे लग्नावाले आम्हाले दारातही उभं करत नव्हते. पहिली कॅसेट काढली, ती आमच्या चौघांच्या घरीच वाजली. मग मागच्या उन्हाळ्यात काटोलच्या एका व्यापाऱ्यानं संत्र्याची रिकामी शेड वापरायले दिली आणि तिथं आम्ही ही नवी भरली. नाव ठेवलं 'भर उन्हात'.

नवतपा सुरू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. दुपारी रस्त्यावर कुत्रं नव्हतं. आम्ही शटर आतून लावलं, भिंतींना तणस भरलेल्या पेट्या टेकवल्या. सुकलेल्या सालींचा गोडसर, शिळा वास येत होता. आत आम्ही चौघंच होतो. हे ध्यानात ठेवा.

घरी आणून टेप लावला, तर पहिलं गाणं संपल्यावर जिथं नुसती शांतता पाहिजे होती, तिथं माणसं होती. खाकरणं, कुजबुज, कोणाची तरी टाळी. चंद्रभान म्हणाला, शेडमागे मजूर बसले असतील. मले काही ते पटलं नाही, पण गाणं असं जबरदस्त उतरलं होतं का मी जास्त विचारच केला नाही.

मग शेजारच्या सिंधूताईले ऐकवलं. दुसरं गाणं संपलं आणि टेपमधून बाईचा आवाज आला, "माय वं, काटा आला अंगावर." सिंधूताईनं बाही वर केली, हात आम्हाले दाखवला आणि म्हणाली, "माय वं, काटा आला अंगावर."

तोच आवाज, तोच श्वास. टेप पहिले बोलला, ती मागून बोलली.

बाप्पा, काय सांगू तुम्हाले! दुसऱ्या दिवशी अर्धं इंदोरा, म्हणजे आमची अर्धी वस्ती, आमच्या दारात. जो तो आपला आवाज शोधून राहिला. नरखेडहून एक जण मोटरसायकलवर आला, आपली शिट्टी ओळखली आणि अंगणातच नाचला. कोपऱ्यावरच्या टेलरचा आवाज टेपमध्ये म्हणाला, भांडे पडल्यासारखं वाजवता गा तुम्ही. लगेच टेलरही तेच म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. भ्यायलं कोणीच नाही. मी तर हवेत होतो. ज्याले दाद आधीच मिळाली आहे, असा बँड पाह्यला का तुम्ही कुठं?

फक्त चंद्रभानच्या मामानं थोडी गडबड केली. टेपमध्ये त्याचा आवाज म्हणाला, बंद करा हे. मामा जिद्दी. त्यानं तोंडावर हात दाबला, एक शब्द बोलला नाही, जिंकल्यासारखा घरी गेला. सकाळी नळावर बाया भांडून राहिल्या होत्या, त्यांच्यावर तो खेकसला, "बंद करा हे!" आणि तिथंच मटकन खाली बसला. तेव्हा मले पहिल्यांदा समजलं. टेपमध्ये जे बोललं गेलं ते माणूस बोलतोच, आज नाही तर उद्या.

पण मले त्या कॅसेटमध्ये एकच आवाज पाहिजे होता, आमच्या बाबांचा.

बाबा म्हणजे आनंदराव. एके काळी ते आणि त्यांचा जोडीदार रुपराव जयंतीच्या कार्यक्रमात गायचे, तेव्हा लोक झाडावर चढून ऐकायचे म्हणतात. रुपराव कन्हान नदीत बुडाला, तेव्हा मी रांगत होतो. त्या दिवसापासून बाबांनी हार्मोनियमवर चादर टाकली. मी गिटार उचलली का ते दुपट्टा खांद्यावर टाकून बाहेर निघून जात. माझं एकही गाणं त्यांनी कधी पूर्ण ऐकलं नाही. म्हणून मी रोज कॅसेट लावून शोधत होतो. त्यांचा आवाज त्यात असला, तर एक दिवस ते ऐकणार हे पक्कं होतं ना.

तो सापडला नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी मात्र एक घोगरा आवाज होता, जो वस्तीत कोणीच आपला म्हणून सांगितला नाही. तो म्हणायचा, "आनंदा, तू काहून नाही गाऊन राहिला गा?" मग टेप कोरा होता.

बाबांना 'आनंदा' कोणी म्हणत नाही. शेवटी एका दुपारी मी ते वाक्य त्यांले सांगितलं. ते दारातून परत फिरले, दुपट्टा खुंटीले अडकवला आणि म्हणाले, लाव. पहिल्या गाण्यापासून लाव.

त्यांनी सगळं ऐकलं. घोगरा आवाज आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे..." ते हळू म्हणाले. "रुपराव आहे तो."

कोरा टेप फिरत राहिला. नुसती खरखर. खोलीत ओल्या रेतीचा वास आला, मले वाटलं खसचा असेल. आणि मग टेपमधून बाबांचा आवाज आला. हसरा, भरून आलेला.

"थांब गा रुपराव... आलोच मी."

मी बाबांकडे पाह्यलं. टेपमधलं ते वाक्य ते बोलले नाहीत. नुसते हसले, हार्मोनियमवरची चादर काढ म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "चांगलं गाते तू, लहानू."

आयुष्यभर मले हेच पाहिजे होतं, आणि मिळालं. आता ते आमच्यासंगं गातात. मागच्या कार्यक्रमात लोकांनी आम्हाले स्टेजवरून उतरू दिलं नाही. मी इतका खूश कधीच नव्हतो, आणि एक घडीही त्यांले एकटं सोडत नाही. कन्हानकडे जाणाऱ्या गाडीत तर बसूच देत नाही.

काल ते इथंच, तुम्ही बसले त्या खुर्चीत, डोळे मिटून सूर लावत होते. मध्येच थांबले, दाराकडे पाह्यलं आणि म्हणाले, "थांब गा रुपराव..."

मी धावलो. पाण्याचा गिलास तोंडाले लावला, हे विचारलं, ते विचारलं, पुढचं बोलूच दिलं नाही. दारात कोणी नव्हतं. उंबऱ्याच्या आत मात्र ओल्या रेतीचा एक ढीग होता, ओंजळभर. मी तो झाडून टाकला.

आतून हार्मोनियम ऐकू येऊन राहिली ना तुम्हाले? ती थांबली तर लगेच सांगा. बोलता बोलता माझं लक्ष राहत नाही.