सारख्या डोळ्यांचं दार

मुलांनो, समजा, तुम्ही एका स्वयंपाकघरात उभे आहात. ओट्याखाली लाकडी कपाटं आहेत. त्यातल्या एका दारासमोर एक आई बसली आहे, आणि त्या दारावरच्या खुणा नाहीशा झाल्या आहेत.

"माझा मुलगा इथे बसून चमच्यानं या दाराचा ढोल बडवायचा," ती म्हणाली. "दारभर खड्डे होते. तापात तो गेला, तेवढेच उरले होते. काल बाजारातून आले, तर दार गुळगुळीत! कामवाल्या ताईंनीच बुजवले. उद्यापासून त्यांनी येऊ नये."

खासगी गुप्तहेर वहिनी दाराशी वाकल्या. सोबत त्यांचे दीर होते.

"लाकूडच आहे की, वहिनी. गाठीसुद्धा आहेत." भावोजींनी दाराच्या कडेवर नख फिरवलं. "इथे तेवढी काळी रेघ दिसते. मळ असेल."

"मळ? रोज पुसते मी!" कामवाल्या ताईंनी हातातलं फडकं पुढे केलं. "ओलं फडकं, बस्स. पॉलिश कशाशी खातात तेही ठाऊक नाही मला."

घरातली धाकटी पुढे आली. "या दाराला दोन डोळे आहेत. अगदी सारखे." तिनं दोन गाठींवर बोटं ठेवली.

बाहेरच्या खोलीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"तो गेल्यापासून मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही," ते म्हणाले. "शेजारच्या दारांशी रंग जुळतोय. मग सोडून द्या."

वहिनींनी सगळ्यांना दारापाशी बोलावलं.

"खड्डे कुणी बुजवलेच नाहीत. दारच बदललंय. खऱ्या लाकडात दोन गाठी हुबेहूब कधीच नसतात. हा सनमायका, लाकडाचं छापील चित्र. शेजारच्या दाराच्या रेषा कडेवरही वळतात, कारण ते आतपर्यंत लाकूडच आहे. इथे त्या कडेशी थांबतात. भावोजी, तुमचा मळ म्हणजे सनमायक्याची जाडी."

"व्हेनियर असेल तर?" भावोजींनी विचारलं.

"तोही लाकडाचाच पापुद्रा. त्यात गाठ पुन्हा छापता येत नाही."

"मग बदललं कुणी?" आईनं विचारलं.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "जे इथे पाऊल टाकत नाहीत, त्यांना रंग जुळल्याचं कसं कळलं?"

बाबांची मान खाली गेली. "दार दिसलं की ठोके ऐकू यायचे. म्हणून दुसरं करवून घेतलं. जुनं मात्र फेकवेना."

पलंगाखालून त्यांनी चादरीत गुंडाळलेलं दार काढलं. आई खड्ड्यांवरून हात फिरवत राहिली. ताईंकडे पाहायचं तिला धाडस होईना. ताई चादरीची घडी घालत होत्या.

बाबांनी दार बसवून स्क्रू पिळले.

धाकटीनं चमचा घेतला आणि दाराशी बसली. दादाच्या एका खड्ड्यात तो टेकवून पाहिला. बरोब्बर बसला. मग खालच्या कोपऱ्यात, कोऱ्या जागेवर, तिनं आपला पहिला ठोका मारला.