शेवटचं पान छापून बघ

पहिल्या भेटीतच आमचं भांडण झालं. भर दुपारी तो तरातरा ऑफिसात आला, हातातलं पान माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "कागदावर 'इथे क्लिक करा'? कशाने करायचं — बोटाने?"

"नाकाने करा," मी म्हटलं.

तो हसला... आणि माझं सगळं बिनसलं!

तो छापखान्यातला, बोटांना कायम शाई. आमच्या कंपनीच्या पंपांची माहितीपुस्तिका मी स्क्रीनसाठी बनवायचे, तो कागदासाठी. दोघांच्या फायलींचा मेळ कधी बसेल तर शपथ! शेवटी साहेब वैतागले, "एकच फाइल करा."

मग आम्ही एका फाइलीत दोन थर घातले. एक फक्त स्क्रीनवर दिसायचा — निळी बटणं, रंगीत चित्रं. दुसरा स्क्रीनवर दिसायचाच नाही, छापलं की कागदावर उमटायचा. दोन महिने खुर्चीला खुर्ची लावून बसलो. माउस देताना त्याची बोटं रेंगाळायची, आणि मी उगाचच नव्या चुका काढायचे. आवडायला लागला होता मेला!

"तू कधीच छापून बघत नाहीस गं, स्क्रीनबाई."

"तू आहेस ना छापायला, शाईवाल्या."

"मी कायम असेन कशावरून?"

त्याला दूरच्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. मला वाटलं, थांबायचं असेल तर बोलेल की... मी का आधी तोंड उघडू?

त्याने शेवटची फाइल तपासायला पाठवली. फोनवर म्हणाला, "शेवटचं पान छापून बघ हं — नक्की. मगच उत्तर दे."

"बघते रे बाबा!"

प्रिंटर पार दुसऱ्या टोकाला. मी कंटाळा केला. स्क्रीनवर पान पाहिलं आणि लिहून टाकलं, 'छापून पाहिलं. काही बदल नको.'

रविवारी तो गेला. निरोप घ्यायलाही आला नाही. मी मनात लाख शिव्या घातल्या आणि उशीत तोंड खुपसून रडले.

दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघाली. साहेब म्हणाले, जुनं सगळं छापून ठेव. तपासणीची ती फाइलही छापली. शेवटच्या पानावर, पत्त्याखाली, पुस्तिकेत कधीच न आलेली एक ओळ होती — 'थांब म्हण, मी जात नाही. जन्मभर तुझ्याशीच भांडायचंय.'

तिथेच प्रिंटरपाशी उभी राहून त्याला फोन लावला.

"मी आज छापलं रे..."

तो म्हणाला, "पण तू तर लिहिलंस, छापून पाहिलं."

"खोटं लिहिलं. कंटाळा केला."

त्याच्या मागून बाईचा आवाज आला, "अहो, बाळ उठलंय, घेता का जरा?"

"आलो," तो तिला म्हणाला. मग मला, अगदी हळू, "वीस पावलं होती गं प्रिंटरपर्यंत..."

फोन बंद झाला. डोळे पुसत मी टेबलापर्यंत पावलं मोजत आले. सतराच निघाली.