मागच्या रांगेतला

"मॅडम, तुमचे ठसेच उमटत नाहीत," काउंटरवरची बाई वैतागून म्हणाली.

मी पुन्हा बोटं दाबली. यंत्रानं पुन्हा लाल दिवा दाखवला. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चार वर्षं ॲसिडशी खेळल्यावर बोटांवर रेषा उरणार तरी कुठून? व्हिसासाठी ठसे हवेत आणि माझ्याकडे ते नाहीत... मला रडूच फुटायच्या बेतात होतं.

"थोडं क्रीम चोळा आणि अर्ध्या तासानं या," बाई म्हणाली.

क्रीम कुठलं आणायचं आता? तेवढ्यात मागून एक ट्यूब पुढे आली.

"घ्या. माझ्या ताईनं बळजबरीनं बॅगेत कोंबलंय. त्या देशात हात फुटतात म्हणे."

उंच, चष्मेवाला, आणि हसू दाबायचा प्रयत्न अजिबात न करणारा. माझी बोटं मऊ होईपर्यंत तो शेजारच्या खुर्चीवर बसून राहिला. त्याचं काम कधीच झालं होतं, हे माझ्या जरा उशिरानं लक्षात आलं.

तो आर्किटेक्ट होता. निघाला होता जगात गाजलेल्या विद्यापीठात. मी माझ्या कॉलेजचं नाव सांगितलं.

"हे... नक्की आहे ना?" त्यानं विचारलं.

"गायी जास्त आणि माणसं कमी, अशा गावात आहे. पण माती उत्तम शिकवतात."

"मग तुमचा व्हिसा आधी येणार. यंदा तिकडच्या सरकारनं नियम बदललाय. ज्या कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा रिकाम्या आहेत, त्यांचे अर्ज आधी तपासणार. आमच्यासारख्या भरलेल्या विद्यापीठांचे सगळ्यात शेवटी."

"म्हणजे माझं कुणी न ऐकलेलं कॉलेज तुमच्या पुढे?"

"चिडवा, चिडवा. हक्कच आहे तुमचा."

मी चिडवलंच. त्या दिवशी, आणि पुढे रोज. "आला का?" या एका प्रश्नावर आमचे फोन सुरू व्हायचे आणि कुठल्या कुठे जायचे. कधी तो मला जुन्या इमारतींचे जिने दाखवायला न्यायचा, कधी मी त्याला नदीकाठी मातीचे थर दाखवायचे. "तुमच्याबरोबर फिरलं की बूट वाया जातात," तो म्हणायचा. आणि दुसऱ्या दिवशी तेच बूट घालून हजर!

माझा व्हिसा खरंच लवकर आला. आईनं मला मिठी मारली. मी मात्र हिरमुसले होते.

"त्याचा नाही आला वाटतं," आई म्हणाली. आयांना सगळं कसं कळतं, देव जाणे.

संध्याकाळी मी त्याला सांगून टाकलं. "मी पुढच्या सत्रात जाईन म्हणते. कॉलेजची परवानगी आहे."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कोण म्हणालं?"

"मग?"

तो चष्मा पुसायला लागला.

"तुम्ही थांबलात तर मला फार आवडेल," तो म्हणाला. "म्हणूनच थांबू नका. उद्या माझा व्हिसा नाकारला, तर तुमचं वर्ष मी कुठून भरून देऊ? नियम काही आपल्याला विचारून होत नाहीत. पण तुमचा नंबर लागलाय ना... मग जा."

मला त्याचा राग आला. आणि त्याच क्षणी पक्कं कळलं, की हाच.

मी गेले. थंडी, चिखल, गायी, सुरेख काळी माती. त्याच्या विद्यापीठाचं सत्र सुरू झालं, तरी त्याचा अर्ज हलला नव्हता. त्याचा प्रवेश सहा महिने पुढे ढकलला गेला. फोनवर तो हसायचा, पण हल्ली ते हसू मध्येच थांबायचं. मी त्याला दिवसभराच्या गमती सांगत राहायचे. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय?

मग एकदा भर वर्गात फोन थरथरला. एकच शब्द — "आला!" मी इतक्या जोरात किंचाळले, की सरांच्या हातून मातीचा नमुना सांडला.

शुक्रवारी तो आमच्या गावच्या बस थांब्यावर उतरला. दोन बॅगा, विस्कटलेले केस.

"तुमचं विद्यापीठ तिकडे, आणि तुम्ही इकडे?" मी विचारलं.

"विद्यापीठ सोमवारी उघडतंय. मला आधी इथं यायचं होतं. एक विचारायचं होतं, म्हणजे... तुम्हाला जर... आपण..."

इतका बोलका माणूस, आणि ऐन वेळी वाचा गेली!

"हो," मी म्हणाले.

"अजून विचारलंच नाही मी!"

"तू विचारेपर्यंत सोमवार उजाडेल. माझं प्रेम आहे तुझ्यावर. केव्हाचं."

त्यानं बॅगा तिथंच चिखलात सोडल्या आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. "माझंही," तो म्हणाला. "पण हे मी आधी म्हणणार होतो!"

तेवढ्यात आईचा फोन.

"पोचला का गं तो?"

"पोचला, आई. आणि..."

"कळलं. मग माझ्याशी काय बोलत बसलीस? ठेव फोन!"