दाब थोडा जास्त होता

फायबरच्या लाल अंगाची ती बुटकी गाडी बेंगळुरात बनशंकरीच्या चढावर बंद पडली आणि तिला ढकलत ढकलत दोन तरुण नेमके वसुमतीच्याच वर्कशॉपच्या दारात येऊन थांबले. पेट्रोलचा वास तर त्यांच्याआधीच आत शिरला होता.

शहाण्णव सालचा फेब्रुवारी. अप्पा, म्हणजे वसुमतीचे वडील खंडोजीराव, होसकोट्याच्या एका कारखान्यातल्या गाड्या बघायला सकाळीच निघून जात, आणि कार्ब्युरेटरची कामं मेकॅनिकल इंजिनिअर झालेली ही पोर सांभाळत असे. दारावरची पाटी कन्नड, गिऱ्हाइकांशी बोलणंही कन्नडच. दोघांपैकी उंच तरुणानं कपाळ पुसत हिंदीत सांगितलं, नाव श्रीरंग, पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलाय. सुटे भाग जमवून ही गाडी त्यानं स्वतः जोडलीय, पण ती चालते कमी आणि पेट्रोल ओकते जास्त.

तिनं बॉनेट उचललं. इंजिन जुन्या फियाटचं, पण पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप कुठल्या तरी दांडग्या गाडीचा. एवढा दाब तो नाजूक कार्ब्युरेटर कसा सोसणार? ती वाकून बघत होती, तेवढ्यात मागून श्रीरंगचा आवाज आला – हळू, स्वच्छ मराठीत, सोबतच्या मित्रासाठी.

"राजस, हिचे हात बघ. ग्रीसनं माखलेत, तरी… बघतच राहावंसं वाटतं रे."

वसुमतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेव्हाच वळायला हवं होतं. मलाही मराठी येतं, एवढंच तर म्हणायचं होतं. तिचं घराणं बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेलं. पण… पुण्यात एका लग्नात ती "स्वल्प सरका की, अक्का" असं कानडी वळणाचं म्हणाली होती आणि अख्खी पंगत हसली होती. मग कुणी कुणी तिला तेच पुन्हा बोलायला लावलं होतं, पिंजऱ्यातल्या पोपटाला लावावं तसं. तेव्हापासून पुण्याच्या माणसापुढे तिची मराठी घशातच अडकायची. ती वळली नाही.

पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये दाब आवरणारा रेग्युलेटर बसवायला हवा, हे तिला आणि श्रीरंगला मान्य होतं. कोणता, यावर मात्र ते असे भांडले, की जणू घर पसंत करायचंय. तिच्या मते खुंटी पिळून दाब कमीजास्त करता येणारा साधा, छोटा पुरे. त्याला हवा होता जादा पेट्रोल दुसऱ्या नळीनं टाकीत परत पाठवणारा. इंजिन तापलं की नळीत साचलेलं पेट्रोल उकळतं, ते फिरतं राहिलेलं बरं, असं तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं, आणि तिनं ते मान्यही केलं. पण तसा रेग्युलेटर मागवावा लागणार, टाकीला नळी जोडावी लागणार. तोवर छोटा बसवायचं ठरलं. तिनं खुंटी फिरवत दाब तीन पौंडांवर आणला, आणि गाडी मांजरीसारखी गुरगुरू लागली.

"अब शिकायत का मौका नहीं मिलेगा," ती म्हणाली.

"मिलेगा… मैं ढूँढ लूँगा."

आठवडा उलटायच्या आत गाडी परत आली, काळा धूर सोडत. बघते तर खुंटी पार पिळलेली. आणि मागे तो राजसला सांगत होता, मीच फिरवली रे, नाहीतर यायला निमित्त काय? वसुमतीनं हसू ओठांत दाबलं आणि गंभीर चेहऱ्यानं हिंदीत सांगितलं, की खड्ड्यांनी खुंटी हलते कधी कधी. मग खड्डे फारच वाढले. गाडी वरचेवर येऊ लागली. येताना तो कोपऱ्यावरून कॉफी आणी. पेला देता-घेता बोटाला बोट लागे, आणि… दोघंही कॉफीच फार गरम असल्याचं दाखवत.

घरी अप्पांना वाढताना मात्र तिला स्वतःची लाज वाटे. चोरून ऐकणं ते चोरून ऐकणंच, मग ते कितीही गोड असो. उद्या सांगेन, असं ती ठरवी. पण जितकं ऐकून झालं होतं, तितकं सांगणं अवघड होत चाललं होतं.

अखेर नवा रेग्युलेटर आला. तिनं तो इंजिनाच्या धगीपासून लांब, आतल्या पत्र्यावर बसवला, नळ्या चढवल्या, एकेक क्लिप आवळत आली. शेवटच्या क्लिपवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तेव्हा पलीकडून श्रीरंगचं बोलणं ऐकू आलं. आज त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

"आज काम संपलं की यायचं कारणही संपलं. हिंदीत बोललो की मी तिला नुसता गिऱ्हाईक वाटतो. मनातलं मला मराठीतच येतं, राजस. तिला कळत असतं ना… तर केव्हाच विचारलं असतं. घाबरत का होईना."

तिचा हात थांबला. स्क्रूड्रायव्हर कधी खाली ठेवला, तिचं तिलाच कळलं नाही.

राजसनं चावी फिरवली. इंजिन सुरेख चाललं, चांगलं तापेपर्यंत चाललं. श्रीरंग कौतुकानं वाकून बघत होता. आणि न आवळलेली नळी सटकली. पेट्रोलची धार तापलेल्या एक्झॉस्टकडे उडाली.

"चावी बंद करा! मागं सरका तुम्ही, मागं…" वसुमतीनं श्रीरंगला शर्टाला धरून ओढलं.

इंजिन थांबलं. जमिनीवर पेट्रोल ठिबकत होतं. पेटलं नाही, नशीब.

"तुम्हाला मराठी येतं?" श्रीरंगनं हळूच विचारलं.

"येतं."

"म्हणजे… पहिल्या दिवसापासून सगळं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. तो मानेपासून कानांपर्यंत लाल झाला. फडकं घेऊन हात पुसत राहिला, नंतर तिच्याकडे न बघताच निघून गेला. राजस घुटमळला, मग तोही गेला. गाडी तिथेच राहिली.

पुढचे काही दिवस तो आला नाही. तिनं क्लिप आवळली, पुन्हा पुन्हा तपासली, गाडी पुसून ठेवली. शेवटी अप्पांना सगळं सांगितलं. ते इतकंच म्हणाले, की ज्याची गाडी त्याला पोचती कर, आणि बोलायचं ते बोलून ये.

रविवारी सकाळी ती गाडी घेऊन बसवनगुडीला, त्याच्या घराकडे निघाली. वर टप नाही, बुटकी लाल गाडी, आत पंजाबी ड्रेसमधली मुलगी – प्रत्येक सिग्नलला माना वळत होत्या. एरवी ती लाजेनं मेली असती. त्या दिवशी तिच्याकडे त्याहून मोठी लाज होती.

श्रीरंग चुरगळलेल्या लेंग्यातच फाटकाशी आला. तिनं त्याला बोलूच दिलं नाही.

"क्लिप मीच आवळली नव्हती. तुमचं बोलणं ऐकत राहिले. तुम्हाला भाजलं असतं की. खुंटी तुम्हीच पिळता, तेही ठाऊक होतं. मी सुम्ने उभी राहिले… म्हणजे उगा, गप्प. माझी मराठी अशी, तिची लाज वाटायची मला. आता हसायचं तर हसा."

तो हसला नाही. उलट म्हणाला, की लाज तर त्याला वाटायला हवी. तिच्याच दारात उभं राहून, तिला कळत नाही असं धरून, तो तिच्याविषयी बोलत होता. त्यात कसला आलाय धीर? म्हणून तो आला नाही. इतके दिवस घरात बसून थोडं कन्नड शिकत होता… तिच्याशी नीट बोलता यावं म्हणून.

एवढ्यात अंगणात रांगोळी घालणाऱ्या घरमालकीणबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, ही कोण? श्रीरंगनं छाती पुढे काढली आणि नव्या कन्नडमध्ये ठणकावून सांगितलं, "नम्म हेंडती."

मालकीणबाईंच्या चिमटीतली रांगोळी तशीच राहिली. वसुमतीनं तोंडावर हात धरला.

"काय म्हणालो मी?"

या वेळी तिनं काही लपवलं नाही. "मुलगी म्हणायचं तर हुडुगी. नम्म हेंडती म्हणजे… आमची बायको."

तो पुन्हा कानांपर्यंत लाल झाला. पण या वेळी जागचा हलला नाही.

"चुकलं नाही," तो पुटपुटला. "…जरा लवकर झालं, एवढंच."

वसुमती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग मान वर न करता म्हणाली,

"अप्पा रविवारी घरीच असतात."