घोटीच्या वळणापलीकडे

सकाळच्या फूलबाजारात प्रतिभाची स्कूटर एका पिकअपमागे अडकली. पिकअपला टेकून एक उंच तरुण उभा होता.

"जरा गाडी पुढे घेता का? मला लेक्चर आहे."

"ड्रायव्हर येईल आत्ता."

"चावी तर तुमच्याच हातात आहे…"

तो हसला, पण चावी धरलेला हात थरथरत होता. प्रतिभा कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची आणि समुपदेशनही करायची. ती थरथर भीतीची आहे हे तिनं ओळखलं, आणि पुढे काही विचारलं नाही. ड्रायव्हर आला, गाडी हलली. ती निघाली तेव्हा त्यानं गुलाबांची एक जुडी पुढे केली.

"तुमचा खोळंबा झाला, म्हणून. मी संघर्ष. मखमलाबादला आमची गुलाबाची शेती आहे."

पुढच्या रविवारी गंगापूर रोडच्या एका वाचनालयात प्रतिभाचं भाषण होतं – मानसशास्त्रातले अवघड शब्द, सोप्या मराठीत. फलक वाचून संघर्ष आला आणि मागच्या रांगेत बसला.

"ट्रिगर म्हणजे जुनी जखम जागी करणारी एखादी साधीच गोष्ट," ती सांगत होती. "एखादा वास, एखादं वळण. मेंदूला वाटतं, ते पुन्हा घडतंय. मग आपण ती गोष्ट टाळतो, लगेच बरं वाटतं… आणि त्या बरं वाटण्यानंच भीती मोठी होत जाते. ती खोटी ठरायला आपण संधीच देत नाही."

सगळे गेल्यावर तो जवळ आला आणि सांगू लागला. घोटीजवळच्या वळणावर त्याची पिकअप उलटली होती. शेजारी बसलेल्या वडिलांचा पाय मोडला होता.

"आबा आता चालतात. मी मात्र तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मला यातून बाहेर काढाल?"

"नाही. माझे सीनियर आहेत, सुनील सर. त्यांच्याकडे जा."

"तुम्ही का नाही?"

"समुपदेशकानं जवळच्या माणसावर उपचार करायचे नसतात."

"पण आपण कुठे जवळचे आहोत?"

प्रतिभा उगाचच माइकची वायर गुंडाळू लागली. "नाही… अजून नाही."

सुनील सरांनी घाई केली नाही. आधी बंद गाडीत नुसतं बसणं, मग इंजिन सुरू करणं, मग मळ्याच्या रस्त्यानं एक चक्कर. संध्याकाळी प्रतिभाला संघर्षचा फोन यायचा.

"सर याला एक्स्पोजर म्हणतात. म्हणजे काय हो?"

"सरांनी सांगितलं असेल की."

"सांगितलं. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"भीतीशी थोडी थोडी ओळख वाढवायची. झेपेल तेवढीच."

"आणि माणसाशी?"

"तीही तशीच…" तिनं फोन ठेवला आणि एकटीच हसत राहिली.

एकदा द्वारका चौकात ट्रकचा हॉर्न वाजला आणि तो भररस्त्यात गाडी सोडून उतरला. त्या संध्याकाळी फोन आला नाही. तिनंच केला.

"सगळं वाया गेलं," तो म्हणाला.

"शिकलेलं असं पुसलं जात नाही. उद्या बसाल ना गाडीत?"

तो म्हणाला, "बसतो."

लग्नसराईत घोटीहून मोठी ऑर्डर आली आणि नेमका ड्रायव्हर नवनाथ तापानं पडला. आबांनी चावी मुलापुढे धरली. "मी येऊ शेजारी?"

"नको आबा. कुणीतरी येतंय."

शेजारी प्रतिभा बसली. वळण दिसू लागलं तसा त्यानं वेग कमी केला.

"छाती धडधडतेय."

"धडधडू द्या. भीती लाटेसारखी असते. चढते, आणि आपण पळालो नाही तर आपोआप उतरते."

त्यानं गिअर बदलला. पिकअप सावकाश वळली… आणि समोर कापणी झालेली भातखाचरं पसरली. संघर्ष मोठ्यानं हसू लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी स्टिअरिंग स्थिर होतं.

मांडवात फुलं उतरवून झाली. चहाच्या टपरीवर त्यानं विचारलं, "परतताना सिन्नरवरून जाऊ या?"

"तो लांबचा रस्ता आहे. सिन्नरला काय काम?"

"तुमचे आईबाबा राहतात तिथे. त्यांना सांगायचंय, तुमची मुलगी मला फार आवडते… अर्थात, आधी तुमची स्वतःची हरकत नसेल तर."

प्रतिभानं पेला खाली ठेवला, पर्समधून मोबाईल काढला आणि त्याच्याकडे बघतच नंबर लावला.

"आई, स्वयंपाक थोडा जास्त कर. मी एकटी येत नाहीये."

मग त्याला म्हणाली, "चल, गाडी काढ."