शेवटची ओळ

“हात सैल सोड, पोरी. शिळेवरची अक्षरं काही पळून जात नाहीत.”

बाबांचा हा आवाज यीलानच्या कानात लहानपणापासून होता. दोन हजार वर्षांपूर्वीची गोलाईदार लिपी त्यांनी जुन्या शिळांवरून वेचून पुन्हा लिहिण्यात आणली. लेकीला मात्र ‘छान’ असं कधी म्हणाले नाहीत. ते गेले, तिनं कुंचला ठेवून दिला. गेली तीन वर्षं चीनमधल्या शिआन शहराच्या तटाखालच्या गल्लीत ती नुसता कागद विकत होती.

त्या दिवशी पेई सोंग नावाच्या पाथरवटाकडे कागद पोचवायला गेली, आणि दारातच थबकली. भिंतीला एका गावच्या पुलावर लावायची लेखशिळा टेकलेली. अक्षरं बाबांची… शेवटची ओळ कोरी.

गावकरी दुसरा लेखक आणतो म्हणून थकले, पण पेई सोंग ऐकत नव्हता. आता त्यानं हिंगुळाची वाटी तिच्यापुढे सरकवली. तिनं लाल रंगात लिहायचं, त्यानं त्यावरून छिन्नी चालवायची. नाहीच जमलं, तर ओलं फडकं होतंच.

कागदाच्या सवयीनं तिनं कुंचला भरून घेतला. दगड कुठला रंग पितोय? लाल ओघळ थेट त्याच्या बुटावर.

“बुटावर झकास उमटलंय,” तो म्हणाला. “कोरू का?”

तीन वर्षांनी ती खळखळून हसली.

मग रोज दुपारी ती यायची, लिहायची. तो मान तिरकी करून बघायचा, हळूच पुसायचा, आणि खिडकीतलं पिकलं तेंदूफळ तिच्या हातावर ठेवायचा. चौदाव्या दिवशी मात्र फडकं उचललं गेलं नाही.

शिळेखाली लिहिणाऱ्याचं आणि कोरणाऱ्याचं नाव घालायची रीत. तिनं बाबांचं लिहिलं, त्याचं लिहिलं, आणि कुंचला खाली ठेवला.

“तुमचं?”

“एका ओळीपुरतं कशाला?”

त्यानं हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

“ही ओळ तुमच्या बाबांनी मुद्दाम सोडली होती. म्हणाले, पोरीचा हात माझ्याहून चांगला आहे, तोंडावर सांगणं मला जमलं नाही. बोलावू नकोस… आपणहून आली तर लिहील.”

यीलान शिळेपुढे वाकली. एकदा बाबांसाठी. मग वळून, ही जागा राखून ठेवणाऱ्यासाठी.

“माझ्यापुढे नका वाकू,” तो गोरामोरा झाला. “ओळ पाचव्या दिवशीच सुरेख आली होती. तेव्हापासून मी… उगाच पुसत होतो. तुम्ही यावं म्हणून.”

तिनं ओले डोळे बाहीनं टिपले, कुंचला बेतानंच बुडवला, आणि त्याच्या नावाला लागून आपलं नाव लिहिलं.

“हे पुसू नका,” ती म्हणाली. “मी उद्याही येणारच आहे.”